खालच्या पायरीवर अब्बा

निजामाच्या अमदानीत आमचे अब्बा जकातीच्या नाक्यावर जवान होते. विलीनीकरणानंतर नाके गेले आणि अब्बा कचेरीत शिपाई झाले. तिथंच दप्तरखान्याची जुनी भिंत त्यांच्या पायावर कोसळली. हाड सांधलं, पण वाकडं. सरकारी डॉक्टरनं 'नोकरीस नालायक' असा शेरा मारला आणि मुदतीआधीच अब्बांची पेन्शन झाली. ती महिन्याच्या मध्यावरच संपायची.

लुळ्यापांगळ्या गरिबांना सरकार वेगळी मदत देतं, असं कुणीतरी सांगितलं. मला भाऊ नव्हता, म्हणून बेंबळीहून अब्बांबरोबर मीच धाराशिवला गेले.

मदतीचा कारकून म्हणाला, "चाचा, तुम्हाला पेन्शन आहे. तुम्ही गरीब कसे?"

हे पेन्शनच्या कारकुनाला कळलं. त्याचं म्हणणं, "मदत मागितली म्हणजे उत्पन्न नाही असं तुम्हीच कबूल केलंत. मग पेन्शन घेतंय कोण?"

चौकशी लागली, तोवर पेन्शन बंद.

चौकशीचे साहेब माडीवर बसत. एका हातात कुबडी, दुसरा माझ्या खांद्यावर, असे अब्बा घामाघूम होत वर पोचले. साहेबांनी त्यांना न्याहाळलं.

"जिना चढून आलात ना? मग पांगळे कसे?"

"आन् न चढता खालीच थांबलो असतो तर, साहेब?"

"तर गैरहजर."

परतीच्या वाटेवर अब्बा दर दहा पावलांवर खाली बसत होते. मला वाटलं, माणूस खचला. पण पुढच्या तारखेला त्यांनी चटई बरोबर घेतली आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आडवा पाय पसरून बसले. शिपाई ओरडला.

अब्बा शांतपणे म्हणाले, "म्या हजर हाय. चढलो मात्र न्हाय. साहेबांना सांगा."

बघ्यांची गर्दी जमली. दुपारी साहेब जेवायला निघाले. पाय ओलांडायचा तर इतक्या लोकांसमोर बरं दिसेना, आणि दुसरा जिना नव्हता. शेवटी त्यांनी उभ्याउभ्याच पेन्शन चालू करायचा हुकूम दिला. मदत मात्र नामंजूर केली.

बाहेर आल्यावर अब्बा इतके हसले की कुबडी सुटायची वेळ आली. "बेटी, पेन्शनपुरता लंगडा ठरलो. मदतीपुरता धडधाकट हाय!"

मी हसले नाही. मला रडू येत होतं.

पुढं त्या जिन्यापाशी अपंगांसाठी म्हणून एक खुर्ची आली. तिच्यावर शिपाई बसायला लागला.