जुन्या कार्डाचं खोटं नाव

मावशीचा विश्वास फक्त स्वतःच्या नाकावर आणि दाराच्या कडीवर. वास घेतल्याशिवाय ती दूध तापवत नसे, आणि दार वाजलं की आधी आतूनच उलटतपासणी घेई. काकांनी आयुष्यभर बस चालवली, त्यांनाही रोज विचारायची, "थेट घरीच आलात ना?"

आता काका कुठेच जात नव्हते. खुब्याच्या ऑपरेशननंतर वरच्या खोलीत पडून होते. जेवण अर्धं टाकायचे, हूं की चूं करायचे नाहीत. त्यांचा जीव रमायचा तो बस चालवायच्या गेममध्ये, आणि तो गेम होता खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाचीला मावशीने बोलावलं.

"खालचा गेम वरच्या टीव्हीवर आणता येतो, मावशी. पण तो वर पाठवणारा प्रोग्राम म्हणतो, कॉम्प्युटरमधलं चित्रं दाखवणारं हे ग्राफिक्स कार्ड जुनं, चालणार नाही. एक फाइल बदलली की त्याला नव्या कार्डाचं नाव दिसेल."

"म्हणजे खोटं नाव सांगायचं."

"कार्डाच्या अंगात बळ आहे गं. तो नुसतं नाव बघून हाकलतो."

"खोटं नाव सांगून घरात शिरणारे सगळे असंच म्हणतात."

तरी काकांच्या उष्ट्या ताटाकडे बघून तिने होकार दिला. मात्र खुर्ची ओढून भाचीच्या पाठीमागेच बसली, मांजर बिळापाशी बसावं तशी. गेम वर दिसला.

दुसऱ्या दिवशी बंद. मावशीने फोन लावला. "मी सारखं बोलवावं म्हणून काही करून ठेवलंस का?"

भाचीलाही संशय आलाच. "तू काही दाबलंस?"

"'सुरक्षेसाठी अपडेट करा' असं आलं. केलं. घर काय उघडं टाकू?"

त्या अपडेटने बदललेली फाइल पुसून मूळची परत आणली होती. भाचीने येऊन ती पुन्हा बदलली. "आता अपडेट बंदच ठेवावं लागेल."

"आणि चोर शिरले म्हणजे? हा गेम वर जायला बाहेरचं इंटरनेट लागतं का?"

"नाही. घरातल्या घरात जातो."

"मग बाहेरची वायर कशाला हवी?" भाचीचा हात पुढे होण्याआधीच मावशीने राउटरची बाहेरून येणारी वायर उपटली. आता अपडेटही येईना, चोरही.

वर काकांनी बस थांब्याला लावली. "ब्रेक जरा उशिरा लागतोय," ते कुरकुरले. कितीतरी दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली होती.

मावशीने भाचीकडे रोखून पाहिलं. "ब्रेकला काय केलंस?" मग काकांच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवून म्हणाली, "नीट बसा. आणि आरशात बघत जा, मागून कोणी फुकट चढलं असेल."