कमलमावशीचा अंगठा

पडद्यावर कमलमावशी दिसली. ठाण्याच्या एका हॉलमध्ये, सुटाबुटातल्या माणसांसमोर, भिंतीएवढी. फोटोत ती विठ्ठलवाडीच्या आमच्या वस्तीत, स्वतःच्या दारात बसलेली, पदर घसरलेला. खाली नावाच्या जागी नंबर.

मॅडम बोलल्या, "ह्या बायकांना स्वतःचं दुखणं कळत नाही. हाताला धरून आणावं लागतं."

हॉलात हशा पिकला. मी मागच्या भिंतीला उभी होते. तिला हाताला धरून आणणारी मीच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीत मॅडमचा बायकांच्या आजारांचा अभ्यास चाललेला. मला वस्तीतली म्हणून कामाला घेतलेलं. मी दहावी पास. पावसाळ्यात, वर्षावासाला, बुद्धविहारात धम्माचं पुस्तक वाचायचे मीच, त्यामुळे बायका माझ्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. मॅडमनी ते बरोब्बर हेरलेलं. फॉर्म इंग्रजीत. "तपासणीचा आहे म्हणून सांग," बोलल्या. मी तेच सांगितलं. अंगठा टेकवण्याआधी मावशीनं विचारलं, "तू वाचलंयस ना गं?" मी हो म्हटलं. धडधडीत खोटं. चार ओळींपुढं मला काही कळलंच नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली.

त्या दिवशी हॉलात चहाच्या सुट्टीत मॅडमना गाठलं. "मावशीच्या तपासणीत काय निघालं? वर्ष होत आलं."

"गर्भाशयाच्या तोंडाशी खराबी आहे. वाढते का ते बघतोय आपण."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर इलाज करेल ती. मग अभ्यास कसा व्हायचा? आणि फॉर्ममध्ये आहे सगळं. अंगठा दिलाय तिनं."

"मराठीत का नाही लिहिलं?"

"अगं, त्यांना वाचता येतं का? मग मराठी काय नि इंग्रजी काय!"

अंगाची लाही लाही झाली माझ्या. वाचता येत नव्हतं, पण कान होते ना त्यांना!

घरी येऊन डिक्शनरी घेऊन बसले. दोन दिवस लागले. शेवटी लिहिलेलं, उपचाराची जबाबदारी आमची नाही.

मावशीच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. ती रडली नाही. एवढंच बोलली, "विहारात वाचतेस तसं वाचायला काय झालेलं गं तुला?" तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर आमच्यावरच खेकसला, "कॅन्सर पसरलाय. वर्षभर काय झोपा काढत होता?"

रविवारी वंदनेनंतर मॅडम नव्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन विहारात आल्या. मी वरचा फॉर्म उचलला. आधी बायकांना माझं खोटं सांगितलं, मग फॉर्म मराठीत वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"नोकरी नकोय का तुला?" मॅडम ओरडल्या.

"नकोय. आमच्या बायकांचे जुने अंगठे परत द्या."

एकीनंही अंगठा दिला नाही. गठ्ठा आला तसा कोरा जीपमध्ये गेला.

मावशी पुढचा वर्षावास बघायला राहिली नाही. तिच्या मरणात मॅडमचा हात आहे. माझाही आहे, तो मी कधी धुणार नाही.

आता वस्तीत कुणी कागद घेऊन आलं की मी आडवी उभी राहते. मोठा डॉक्टर असो नाहीतर आपल्यातलाच शिकलेला. आधी वाचायचं. मोठ्यानं, आमच्या भाषेत, सगळं. नाहीतर आल्या वाटेनं चालतं व्हायचं.