बिराजदार सरांची सायकल ठरते

आमच्या स्टाफरूममध्ये एक लाकडी कपाट आहे. त्याच्या डोक्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. ते कुणी मुद्दाम साठवले नाहीत आणि कुणी टाकलेही नाहीत. दरवर्षी वाढतात, एवढंच. शाळेतल्या किश्शांचंही तसंच होतं. मी इथं प्रयोगशाळा सहायक आहे. मुलांच्या प्रयोगवह्यांची कोरी पानं उरतात, ती मी शिवून घेतो आणि रोज संध्याकाळी त्यावर चार ओळी लिहितो. परवा वही चाळताना लक्षात आलं, गेल्या तीन महिन्यांत प्रयोगशाळेबद्दल दीड पान आहे आणि सायकलीबद्दल एकेचाळीस!

त्यातलं थोडं सांगतो.

*

सुरुवात डॉक्टरांनी केली.

बिराजदार सर इतिहास शिकवतात. मूळचे मैंदर्गीचे. एरवी मराठी बोलतात, घाबरले की कानडी. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी साखर तपासून घेतली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी भागेना. तीन महिने देतो. रोज सायकल चालवा. आकडा खाली आला नाही, तर रोज इंजेक्शन. पोटात."

"बेडा, बेडा!" सर खुर्चीतून उठलेच. म्हणजे नको, नको.

तीस वर्षं वर्गात तलवारी चालवणारा माणूस, पण सुईपुढं संपतो. मागं शाळेत लस द्यायला आले होते तेव्हा सरांना दोघांनी धरलं होतं. त्यातला एक मी.

सरांचं शेत नऊ किलोमीटरवर. सहा किलोमीटर डांबरी रस्ता, पुढं तीन किलोमीटर गाडीवाट. आमची शाळा दुपारची, तेव्हा रोज सकाळी शेतावर जाऊन यायचं ठरलं. बजेट वहिनींनी ठरवलं. "पंधरा हजारांच्या वर गेलात तर सायकल घरात राहील आणि तुम्ही अंगणात!"

"त्यात काय, आज संध्याकाळी जाऊन आणतो की," सर म्हणाले.

त्यांचं एकच चुकलं. हे वाक्य ते स्टाफरूममध्ये म्हणाले.

*

"असं घाईत घ्यायचं नसतं," गणिताचे येमूल सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "उंची किती?"

"कुणाची?"

"तुमची. सायकलीची सुरुवात उंचीपासून होते."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फॉर्म आला. अठ्ठावीस प्रश्न. पहिला उंचीचा. शेवटचा, 'आपल्या जीवनातील सायकलीचे स्थान, शंभर शब्दांत.' अख्ख्या स्टाफनं भरला. चित्रकलेच्या बाईंनी तर दोनदा भरला. फक्त बिराजदार सरांनी भरला नाही, कारण त्यांचा चष्मा दहावी ब मध्ये राहिला होता.

आठवड्यानं निकाल फळ्यावर लागला. सतरा सायकली, शंभरपैकी गुण.

"पहिली आलीय ती घेऊन टाकू," बिराजदार सर म्हणाले.

"ती कंपनीनं बंद केलीय."

"मग दुसरी?"

"ती दहा वर्षांच्या मुलींसाठी आहे," येमूल सर म्हणाले. "पण गुण बघा, गुण!"

*

डॉक्टरांचे तीन महिने तर सुरू झाले होते. म्हणून सरांनी वाघमोडे मामांना गाठलं.

मामा आमचे शिपाई. मेंढरं राखणाऱ्या घरातले. शहराबाहेरच्या वस्तीवरून अकरा किलोमीटर येतात, वीस वर्षं त्याच काळ्या सायकलीवर. सीटला घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला.

"मामा, माझी ठरेपर्यंत तुमची सायकल द्या की. तुम्ही माझी स्कूटर वापरा. चार दिवसांचा तर प्रश्न."

"न्या की सर. तुमची ठरली की आणून द्या."

किल्ल्यांची अदलाबदल झाली. सर दुसऱ्या दिवसापासून शेतावर जायला लागले. आणि आम्ही निवांत निवड करायला मोकळे झालो!

*

पहिल्या दुकानात गेलो. दुकानदार हुशार होता. त्यानं आधी विचारलं, "रोडवर किती चालवणार आणि ट्रेलवर किती?"

"ट्रेल म्हणजे?" बिराजदार सरांनी विचारलं.

"म्हणजे दगड, माती, खड्डे, चढउतार."

सरांनी विचार केला. "मग घरापासून नाक्यापर्यंत ट्रेल. पुढं रोड. शेताजवळ परत ट्रेल."

"दोन्हीकडं चालेल अशी पाहिजे तर हायब्रीड घ्या."

सर एकदम मागं सरकले. "अहो, आमच्या घरात मालदांडीशिवाय भाकरी होत नाही. ज्वारी कधी हायब्रीड खाल्ली नाही, सायकल कशाला घेऊ?"

दुकानदारानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही घंट्यांचे भाव विचारायला लागलो.

*

पीटीचे शेख सर गिअरवाले. "इक्कीस गिअर की लेव सर. नुसतं पाय ठेवा, हवा में जाते!"

"मला एक पुरे. लग्न झाल्यापासून एकाच गिअरवर आहे मी."

तरी शेख सरांनी ऐकलं नाही. गल्लीत चाचणी झाली. सर बसले, शेख सर मागून ओरडले, "गिअर डालो सर, गिअर!" सरांनी घाबरून दोन्ही बाजूंची बटणं सापडतील तेवढी दाबली. सायकल सगळ्यांत हलक्या गिअरवर गेली. मग काय! सरांचे पाय यंत्रमागासारखे खडाखडा चाललेत आणि सायकल जागेवर.

तेवढ्यात मागून मेथीची हातगाडी आली. गाडीवाला आजोबांच्या वयाचा. सरांना ओलांडून पुढं गेला, थांबला आणि वळून म्हणाला, "मास्तर, बसता का माज्या गाडीवर? सोडतो कोपऱ्यापतुर."

*

यातला एक किस्सा माझ्यावरही आहे, तो लपवत नाही.

गाडीवाटेसाठी जाड टायर हवा आणि डांबरीसाठी बारीक, तर मधला घ्यावा, इथपर्यंत येमूल सर आले. मधला म्हणजे अडतीस मिलिमीटर. दुसऱ्या दुकानात तसा मिळाला. टायरवर अडतीस छापलेलंही होतं. पण छापील आकड्यावर येमूल सरांचा विश्वास नाही. त्यांनी मला प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर आणायला लावला.

मी गुडघ्यावर बसून मोजलं. चौतीस पूर्णांक सहा!

"शून्य त्रुटी बघितली?"

"बघितली."

"परत घ्या."

पाच वेळा मोजलं, सरासरी काढली. चौतीस पूर्णांक सहाच. येमूल सर लालबुंद झाले. "तीन पूर्णांक चार मिलिमीटरची फसवणूक! ग्राहक मंचात जाईन!" शेख सरांनी बाह्या सरसावल्या. रस्त्यावरचे चौघं आत येऊन उभे राहिले.

दुकानदार आतून चहाचा कप घेऊन आला. शांतपणे म्हणाला, "सर, त्यात अजून हवा भरलेली नाही."

कॅलिपर मी पाठीमागून पिशवीत टाकला.

*

दीड महिन्यानं खरंच ठरत आलं होतं. शेख सर आणि येमूल सर मोटारसायकलवरून शेतापर्यंत पाहणी करून आले होते. रस्ता सदुसष्ट टक्के, गाडीवाट तेहेतीस टक्के. त्या हिशेबानं एक सायकल नक्की झाली. या किमतीत पुढचे शॉकअप म्हणजे नुसतं वजन, ते नकोत, यावरही एकमत झालं. पैसे घेऊन निघणार, तेवढ्यात बिराजदार सर शेतावरून धुळीनं माखून आले.

"काय झालं?"

"डांबरी रस्ता खणलाय. पाइपलाइन टाकायलेत. सहाच्या सहा किलोमीटर."

"आणि गाडीवाट?"

"निवडणूक आलीय की. काँक्रीट केली!"

येमूल सरांनी फळ्यावरचं सगळं पुसलं. टक्केवारी उलटी झाली होती. पुन्हा फॉर्म निघाला. या खेपेला चौतीस प्रश्न.

मामांची काळी सायकल तेवढी खणलेल्यावरूनही जात होती आणि काँक्रीटवरूनही. पण ती यादीत नव्हती. तिचे गुण कोण काढणार?

*

इकडं मामा स्कूटरवर रमले होते. पूर्वी घंटा देऊन सायकलीवर टांग मारून पोस्टात जायचे. आता फाटकासमोरच्या हॉटेलात चहा प्यायलाही स्कूटर काढायचे. फाटकापासून हॉटेल पस्तीस पावलं! चहाबरोबर भजीही आली, कारण स्कूटरवर गेलेला माणूस नुसत्या चहावर परत येत नाही.

एकदा मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना पाण्याच्या टाकीकडं पाठवलं. टाकी शाळेच्या मागच्याच अंगाला. मामा स्कूटरवर बसले, मैदानाला वळसा घातला आणि टाकीपाशी उतरले.

"अहो मामा, चालत दोन मिनिटं लागतात!"

"व्हय की बाई. पर उबी गाडी दिसली की पाय हलंना झालेत."

*

तीन महिने भरले. रिपोर्ट दाखवायला बिराजदार सरांबरोबर येमूल सर, शेख सर आणि मी, असे तिघं गेलो. न जाणो, धरायची वेळ आली तर.

सर रिपोर्टचं पाकीट दोन्ही हातांत धरून बसले होते. डॉक्टरांनी कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला.

"छान! एकदम खाली आलाय की आकडा. इंजेक्शन रद्द. पण सायकल सोडायची नाही हं. सोडलीत तर तीन महिन्यांत परत इथंच." मग कौतुकानं त्यांनी विचारलं, "कुठली घेतलीत?"

"अजून ठरली नाही," सर म्हणाले.

डॉक्टरांनी रिपोर्टवरचं नाव तपासलं.

आम्ही हसत बाहेर आलो, तर बाकावर वाघमोडे मामा. पुढचा नंबर त्यांचाच. शर्टाचं पोटावरचं बटण उघडं होतं. ते आत गेले. शेख सर म्हणाले, थांबू, मामांना घेऊनच जाऊ. थोड्या वेळानं मामा बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"पाच किलू वाडलोय म्हनं. साकर काटावर हाय. तीन म्हयनं दिल्यात. रोज सायकल चालवा म्हनत्यात."



मामांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून बिराजदार सरांपुढं धरली आणि दुसरा हात पसरला. "द्या की सर."

सरांचा हात खिशात गेला आणि खिशातच राहिला.

"बेडा," ते हळूच म्हणाले. मग सावरून, "मामा, चार दिवस थांबा की. माझी आता ठरतच आलीय."

मामांचा हात तसाच. शेख सर पंख्याकडं बघायला लागले.

येमूल सरांनी खिशातून पेन काढलं.

"मामा, तुमची उंची किती हो?"