चार वाजताची गोळी

डॉक्टरीणबाईंनी बायकोला अर्धी गोळी लिहून दिली होती. मी पूर्ण दिली, सलग चार दिवस.

चिठ्ठी मला नीट वाचता येत होती. बायकोला विसरण्याचा आजार आहे. आयुष्यभर विड्या वळल्या, आणि तयार विड्या कारखान्यात पोचवायची वेळ तेवढी डोक्यात शाबूत राहिली. दुपारचे चार वाजले की ती दाराशी जायची. मी कडी लावलेली. मग ती कडी हलवायची, "उशीर झाला तर माल घेत न्हाईत की" म्हणून रडायची; एकदा माझ्या दंडाला चावली. त्यासाठी ती गोळी. अर्धीनं जरा निवांत झाली. मी तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. नट बसला तरी आणखी एक आटा पिळायचा, ही सवय.

पहिल्या दिवशी मी सबंध पेपर वाचला, स्थळांच्या जाहिरातींसकट. दुसऱ्या दिवशी "चहा घेणार?" विचारलं, आणि "घेते की" हे तिच्या आवाजात मीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी मीच भांडलो, आणि हरलो. ती खुर्चीत मान टाकून बसलेली. चौथ्या दिवशी तिला बशी धरता येईना. पाय ओढत चालली आणि मोरीपाशी पडता पडता वाचली. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली.

"परत बोलेल ना ती?" पूर्ण गोळीचं सांगून मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात कोपरात वाकवून पाहिला. "ही गोळी माणूस गप्प करायला नसते, काका. या आजारात ती जपून द्यायची, पडण्याची भीती, झटक्याची भीती. आता बंद. लागली तर मी सांगेन. चार वाजता त्यांना बाहेर नेऊन बघितलंत कधी?"

"नाही. कडी लावतो."

त्यांनी चिठ्ठीवरच्या गोळीवर काट मारली.

आठवडाभर घरात तिचा शब्द नव्हता. रोज चारला मी कडी काढून ठेवायचो. ती उठायची नाही. नवव्या दिवशी उठली. मी तिची विड्यांची टोपली उचलली, रिकामीच. ती पुढं, मी मागं. वाटेत मी एकटाच बडबडत होतो, ऊन, गटार, भाजी, सुचेल ते. गल्लीच्या टोकाला शेजारीण भेटली. "काय वैनी, आज दोघं?"

बायकोनं वळून मला खालीवर निरखलं. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"गडी हाय नवा. लई बोलतोय, कामाचा न्हाय."