तिघांचे फॉर्म

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून सकाळी साडेपाचला स्कीइंगला निघालो तेव्हा गाडीत तीन माणसं, बावीस थालीपिठं आणि एक तज्ज्ञ होता. तज्ज्ञ तीन माणसांपैकीच एक. पराग, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला मित्र, मूळचा नागपूरचा. त्याने स्कीइंगचे व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे आयुष्यात एकदाही बर्फावर उभं न राहता त्याला सगळं येत होतं.

“लेसन वगैरे वेस्ट आहे यार,” तो मागच्या सीटवरून म्हणाला, “दोन तासांत पिकअप होतं. ग्रॅव्हिटीच तर आहे.”

माझा नवरा मंदार, ज्याला मिक्सर लावायलाही मॅन्युअल लागतं, त्याने मान डोलावली.

माझं सगळं लक्ष मंगळवारकडे होतं, कारण मंगळवारी माझी ड्रायव्हिंगची टेस्ट होती. हे वाचून कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? त्यांनी इथल्या टाउनहाउसमध्ये माझ्यासारखी दोन वर्षं काढून दाखवावीत. डिपेंडंट व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की चालत जाण्याजोगं ठिकाण एकच, पत्रपेटी. कोथिंबीर संपली तरी शनिवारची वाट बघायची. चार महिने मी शिकवणाऱ्या बाईंबरोबर गाडी शिकले होते आणि मंगळवारनंतर मंदारला ऑफिसला सोडून कोथिंबीर माझी मी आणणार होते.

साक्रामेंटो मागे पडलं आणि रस्ता चढू लागला. मग पाइनची झाडं आली, आणि एका वळणानंतर अचानक सगळं पांढरं. डोंगर खरोखर सुंदर होते. त्यांना आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. आम्ही गाडी थांबवून थालीपिठं खाल्ली आणि फोटो काढले. तेवढ्यात जीन्स घोट्यापर्यंत भिजल्या.

हो, जीन्स. “जाड असतात, चालतात,” असं परागने सांगितलं होतं. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही, हे दोरीवर कपडे घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ज्यांनी जन्मात कपडे वाळत घातले नाहीत, त्यांना ते व्हिडिओतूनच कळणार, आणि तो भाग परागने पुढे पळवला असणार. आजूबाजूची पाच वर्षांची मुलंसुद्धा वॉटरप्रूफ पँटमध्ये होती.

मग स्की भाड्याने देणारं दुकान. तिथे आधी फॉर्म भरायचा असतो: उंची, वजन, वय, आणि तुम्हाला कितपत येतं. आयटीतल्या आपल्या लोकांची एक खोड आहे. दोन महिने केलेलं काम रेझ्युमेवर दोन वर्षांचं होतं, आणि नुसतं ऐकलेलं सॉफ्टवेअर ‘उत्तम येतं’ या रकान्यात जातं. परागने तिघांचेही फॉर्म स्वतःकडे ओढले आणि तिन्हींवर ‘एक्स्पर्ट’पुढे खूण केली.

“बिगिनर टाकलं की भंगार माल देतात, वहिनी. टेन्शन नका घेऊ.”

“सही कुठे करू?” मी मंदारला विचारलं. त्याने बोट ठेवलं. मी केली.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिले, मग आमच्या जीन्स पाहिल्या. “तुम्ही तिघंही एक्स्पर्ट?”

“शुअर,” पराग म्हणाला. तिने खांदे उडवले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बाइंडिंग (बूट स्कीच्या लांब पट्टीला जखडून ठेवणारी कडी) आवळली.

वर न्यायला तारेवर लटकणारे पाळणे होते. मंदार आणि पराग पुढच्यात बसले, माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई आल्या. त्यांनी खाली बोट दाखवलं. तिथे सपाट उतारावर एक वर्ग चालू होता. मोठमोठी माणसं पडत होती, हसत होती आणि पुन्हा उभी राहत होती.

“पहिलाच दिवस? मग तू तिथे का नाहीस?” त्यांनी विचारलं. “पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकायचं असतं.”

पाळणा मध्येच थांबवून उतरता येत नव्हतं.

वर पोचल्यावर मंदार दहा फुटांत पडला. पराग वळायच्या भानगडीत न पडता सरळ गेला, ओरडत, आणि कडेच्या नारिंगी जाळीत अडकला. मी त्याला बघून हसले. हसता हसताच घसरायला लागले. वेग वाढला, थांबायचं कसं ते माहीत नव्हतं, उजवी पट्टी बर्फात रुतली. मी पुढे गेले, पट्टी आणि तिच्यात जखडलेला पाय मागेच राहिला. गुडघ्यात कट्ट झालं. ते मी ऐकलं.

बचावपथकातल्या लाल जॅकेटवाल्या माणसाने मला घसरगाडीत बांधून खाली आणलं. प्रथमोपचाराच्या खोलीत त्याने दुकानातून माझा फॉर्म मागवून घेतला.

“पडल्यावर बूट आपोआप सुटायला हवा होता. पण इथे एक्स्पर्ट लिहिलंय, म्हणून कडी घट्ट केली होती. तू एक्स्पर्ट आहेस?”

“मी आज पहिल्यांदा बर्फ पाहिला.”

“मग हे कुणी लिहिलं?”

मी परागचं नाव घेणारच होते. तेवढ्यात त्या जॅकेटवाल्याने फॉर्म माझ्याकडे फिरवला. तळाशी बारीक अक्षरांत होतं, वरील माहिती मी वाचली असून ती खरी आहे. त्याखाली माझी सही, अगदी सुवाच्य.

निदान सहा आठवडे त्या पायावर जोर द्यायचा नाही, असं तो म्हणाला. ब्रेकचा पाय तो.

परतताना मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले. पराग पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता.

“अगं, टेस्टची नवी डेट मिळेल,” मंदार म्हणाला. “तेवढंच ना?”

“मंगळवारी तू गाडी घेऊन ऑफिसला जाशील. मी कुठे जाऊ?”

साक्रामेंटोजवळ मी विचारलं, “इथे आल्यापासून मी किती कागदांवर न वाचता सही केली असेल रे?”

तो प्रामाणिक माणूस आहे. त्याने विचार केला. व्हिसा, बँक, घराचं लीज, टॅक्स. “सगळ्याच,” तो म्हणाला. मग हळूच, “मीच भरलेले होते ना, म्हणून.”

तुम्ही बर्फावर जाणार असाल तर जीन्स घालू नका, लेसन घ्या, आणि फॉर्मवर ‘काही येत नाही’ असं स्पष्ट लिहा. परागसारख्यांना ते लिहायची लाज वाटते, त्यांना हसण्यात मीही दिवस घालवला. मला लाज वाटली नसती. मला काही येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पेन माझ्या हातात आलं ते सहीपुरतं, आणि सही झाल्यावर मी ते मुकाट्याने परत दिलं.