ओढ्याअलीकडचं मत

भाजीत मीठ जास्त पडलं की कमी, एवढ्यावरून घरात वाद झाला तरी आक्का पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, “हात वर करा, मग बोला.” दोन्ही मुलगे आणि सुना चुलीपुढं मुकाट्यानं हात वर करायच्या. आक्का मोजायच्या आणि निकाल लागायचा.

ही सवय त्यांना संस्थानानं लावली. संस्थान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं हत्ती आणि अंबारी येत असेल. आमचं तसलं काही नव्हतं. सातारा जिल्ह्यात तीळ सांडावेत तशी त्याची गावं विखुरलेली. कराड आणि इस्लामपूरच्या मधली आमची वाडी त्यांतलीच एक. ओढा ओलांडला की थोरलं गाव लागायचं, ते खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं.

आमच्या राजांनी गावं पंचायतींच्या हवाली केली होती आणि प्रत्येक जाणत्या माणसाला, बाईलासुद्धा, मत दिलं होतं. पारावर जमायचं, हात वर करायचे, झाली निवडणूक. पहिल्या खेपेला पुरुषांनी गंमत म्हणून आक्कांना पंच केलं. नवरा पलटणीत गेला तो परतलाच नाही, अशी बाई. ती काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. आक्का सगळ्यांना पुरून उरल्या.

पहिल्याच बैठकीत त्यांनी शाळा मागितली आणि मिळवली. दगड वाडीनंच वाहिले. मास्तर म्हणून मी रुजू झालो. पलीकडच्या शाळेत कुणी आपली पोरगी धाडली नसती. पावसाळ्यात ओढा भरायचा आणि उन्हाळ्यात लोकांच्या जिभा सुटायच्या. पण ही शाळा घराशेजारी होती, म्हणून मुली यायच्या. आक्कांची नात तर पाटी सोडायचीच नाही. “बगा मास्तर, माजं नाव लिवलंय तिनं,” आक्का शेणाचे हात दूर धरून मला दाखवायच्या. त्यांना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. नातीनं नाव बरोबर लिहिलंय का, हे त्या दर वेळी मला विचारायच्या.

त्यांची लेक थोरल्या गावात दिलेली. तिकडं निवडणूक आली तेव्हा मोटार आली आणि मोठा शेतसारा भरणाऱ्या बागायतदारांना मताला घेऊन गेली. जावई धुरळा बघत उभा राहिला. आक्कांनी त्याला भरल्या ताटावर टोचलं, “जावईबापू, तुमच्यात जमिनीला मत हाय. आमच्यात माणसाला.”

एकदा मात्र डाव त्यांच्यावर उलटला. म्हैस विकावी की नाही, यावर घरात हात वर झाले आणि आक्का हरल्या. सुनांशी अबोला धरला, पण म्हैस स्वतः बाजारात नेऊन विकली. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी सांत्वनाला गेलो तर माझ्यावरच खेकसल्या, “हरले म्हंजी हरले. तुमी कशाला तोंड पाडताय?”

मग संस्थानं विलीन झाली. आक्कांनी वाडीत गूळ वाटला. त्यांना वाटलं, आता ओढ्यापलीकडंही आपल्यासारखंच होणार. झालं उलटं. जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले, मतदारसंघांच्या नव्या हद्दी आखायला घेतल्या आणि कुणीतरी कुठंतरी बसून आमची वाडी थोरल्या गावात घातली. पंचायत गेली. एका गावाला एक शाळा पुरे, म्हणून आमची शाळाही तिकडच्या शाळेत जमा करायचं ठरलं.

हे सांगायला एक साहेब थोरल्या गावच्या चावडीत आले. आक्का झाडून सगळ्या वाडीला घेऊन ओढा उतरल्या. बायकाही आल्या. चावडीत इतक्या बायका पाहून तिथले पुढारी एकमेकांना कोपरं मारू लागले. साहेबांनी नकाशा उलगडला आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

आक्का उभ्या राहिल्या. “सायेब, हात मोजा.”

“बाई, आता तशी पद्धत नाही. आता साऱ्या देशाला मत मिळणार आहे. तुम्हालाही.”

“कवा?”

“याद्या तयार झाल्या की. वर्ष, दोन वर्षं.”

“आन् शाळा कवा बंद?”

“येत्या महिन्यात.”

पुढारी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी आक्कांना बसायला खुर्ची द्यायला सांगितली. मला त्या माणसाचा आजही राग येतो. हलकट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

परतताना मी म्हणालो, “आक्का, हात मोजले असते तरी आपण हरलोच असतो. त्यांचं गाव केवढं!”

“हरले असते तर गप बसले असते. म्हस इकली तवा बसले न्हवं?” त्या ओढ्यातच थांबल्या. “आवं मास्तर, मला कुणी इचारलंच न्हाई.”

शाळा बंद झाली. मुलगे ओढ्यापार जाऊ लागले. मुली घरी बसल्या. आक्कांच्या नातीच्या कडेवर धाकटा भाऊ आला.

माझी बदली लोणंदकडं झाली. निघायच्या आदल्या दिवशी मतदारांची नावं घेणारा कारकून वाडीत आला. इतर बायका नाव सांगायला लाजत होत्या, कुणी ‘अमक्याची आई’ म्हणून मोकळी होत होती. आक्कांनी खणखणीत नाव सांगितलं. त्यानं लिहिलं आणि पुढं थोरल्या गावाचं नाव घातलं.

“मी त्या गावची न्हाई.”

“सरकारदरबारी आता हेच गाव, बाई.”

“मग खोडा माजं नाव.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, आक्का, असं करू नका, सबंध मुलखात तुमच्याआधी कोणत्या बाईनं मत दिलंय? त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कारकुनानं खांदे उडवून नाव खोडलं.

देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा माझ्या नव्या शाळेतच मतदान होतं. बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. सगळे खुशीत होते आणि मी रांगेतल्या बायका मोजत बसलो.

आक्का गेल्याचं मला फार उशिरा कळलं. वाडीत गेलो तेव्हा नातीचं लग्न ठरलं होतं. तिनं चहा आणून ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “वाचतेस का गं काही?”

“इसरले, गुरुजी,” ती हसत म्हणाली, आणि साखर पुरे झाली का ते विचारू लागली.