लवूकाकांचा शंभरचा बल्ब

लवूकाका परब गिरणीच्या साचेखात्यात बावीस वर्षं वायरमन होते. शेकडो मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे आमच्या लालबागच्या चाळीत ते नुसतं ‘चाय’ म्हणाले तरी तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आधण ठेवायचं. त्यांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. फक्त नंतर दोन दिवस घसा बसतो.

संपाचं दुसरं वर्ष लागलं आणि कणकवलीहून भावाचं पत्र आलं, आता मुंबईत काय ठेवलंय, या गावाला. काकांना इथेच, चाळीतल्या घरी रिपेरिंगचं टेबल टाकायचं होतं. पण लोक हसायचे. गिरणीच्या मोटरी बघणारा माणूस, त्याला गाण्याच्या मशीनमधलं काय कळणार? काशीकाकूंनी ट्रंक भरली. शनिवारची एसटी ठरली.

काकू संप सुरू झाल्यापासून दादरला दिघ्यांकडे पोळ्या करत. गुरुवारी तिथून बातमी आणली, की दिघ्यांचा अँप्लिफायर फ्यूज खातो. दुकानात झकास वाजतो, घरी आणून आवाज वाढवला की फट्. दोन दुकानांनी हात टेकले होते. काका एवढंच म्हणाले, हे जमलं तर ट्रंक रिकामी करायची; नाही जमलं तर कणकवली.

मीही मागे लागून गेले. रमाकांत दिघे हेडक्लार्क, बोलणं टाइप करून आणल्यासारखं. “सदर बिघाड गणपतीनंतर उद्भवला,” म्हणत त्यांनी काडेपेटी उघडली. आत अकरा उडालेले फ्यूज, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी डकवलेली. काकांनी एकेक उजेडात धरला. सगळ्यांच्या काचा आतून काळ्या. म्हणजे तार हळूहळू वितळली नव्हती, कुठेतरी शॉर्ट होऊन दणका बसला होता. एका दुकानदाराने फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायला सांगितलं होतं. ते ऐकून काकांनी नुसते कान धरले.

मग पिशवीतून आली त्यांची गिरणीतली फळी. तिच्यावर होल्डर आणि शंभरचा बल्ब. मशीनला वीज जाणार ती ह्या बल्बातून. शॉर्ट झालाच तर फ्यूज उडायच्या ऐवजी बल्ब भगभगणार. बटण दाबलं. बल्ब लखकन पेटला आणि लगेच मंदावला. काकांनी रेकॉर्ड लावली, आवाज वाढवला. थोडा वेळ दोन्ही स्पीकर वाजले, मग डावा एकदम मुका झाला आणि तबल्याच्या थापेथापेला बल्ब पेटू लागला. डाव्या स्पीकरची वायर काढली, बल्ब निवला. लावली, पुन्हा नाच.

“मशीन बरा आसा,” काका म्हणाले. शिवाजी पार्कापर्यंत गेलं असावं. “तुमचा घर आजारी आसा.”

दिघ्यांच्या बायकोला, मृणालिनीबाईंना, ते लागलं. गणपतीलाच त्यांनी अख्खं घर रंगवून घेतलं होतं. काका मात्र भिंतीवरून बोट फिरवत निघाले. स्पीकरची वायर विजेच्या लाकडी पट्टीवरून नेलेली, वरून रंग लागल्याने दिसेनाशी झालेली. बोट थांबलं ते दिघ्यांच्या दिवंगत वडलांच्या फोटोखाली.

जुन्या भिंतीत खिळा धरत नाही, पोपडा पडतो. म्हणून माणसं तो पट्टीत ठोकतात. साचेखात्यातही कुणीतरी दत्ताचा फोटो असाच लावायचा, अख्खी लाईन बंद पडायची आणि काका शिडी घेऊन धावायचे. त्यांनी आधी फोटोला नमस्कार केला, मग तो उतरवला. खिळा स्पीकरच्या वायरीत घुसला होता. आवाज वाढला की पट्टी थरथरायची आणि खिळा आतल्या दोन्ही तारांना एकदम शिवायचा.

खिळा कोणी ठोकला, काकांनी विचारलं.

“मीच,” दिघे म्हणाले. सदर नाही, उद्भवला नाही, नुसतं मीच.

नवी वायर टाकली, फोटो दुसऱ्या भिंतीवर गेला, बाराव्या फ्यूजला चिठ्ठी लागली नाही. दिघ्यांनी आवाज इतका वाढवला की खालच्या मजल्यावरचे शरच्चंद्र करंदीकर धापा टाकत वर आले. आम्हाला वाटलं, भांडायला. तर काखेत त्यांचा बंद पडलेला रेडिओ.

शनिवारी एसटी दोन सीट रिकाम्या घेऊन गेली. काकूंनी कपडे परत फडताळात लावले आणि रिकामी ट्रंक खिडकीखाली पालथी घातली. करंदीकरांचा रेडिओ तिच्यावरच उघडला. बाजूला शंभरचा बल्ब.